वाटणी, फाळणी आणि सी ड्राइव्ह

संगणक दुरुस्तीच्या दुकानात क्रियापदं कशी वापरतात ते कान देऊन ऐकण्यासारखं असतं. विंडोज ‘मारतात’, फॉरमॅटही ‘मारतात’, अँटिव्हायरस ‘टाकतात’. पार्टिशन मात्र ‘पाडतात’. हे ‘पाडणं’ कुठल्या परिभाषाकोशातून आलेलं नाही, पण कोशकारांनी हेवा करावा इतकं नेमकं आहे. शेताचे प्लॉट पाडतात, रानात सरी पाडतात, टांकसाळीत नाणी पाडतात. सलग असलेल्यातून मोजूनमापून काही वेगळं काढायचं झालं की मराठीला हेच क्रियापद आठवतं. त्यापुढचा ‘पार्टिशन’ हा शब्द मात्र इंग्रजी राहिला, आणि तो बदलावा असं कोणाला वाटलंही नाही.

सध्या हा शब्द जरा जास्त कानावर येतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-सेवा संपली. विंडोज 11 न पेलणारी, पण एरवी धडधाकट अशी यंत्रं घरोघरी उरली. काहींनी त्यांत विंडोजशेजारी लिनक्स घालायचं ठरवलं. काहींना विंडोज 11 असूनही दुसरी चूल हवी असते. एका यंत्रात दोन कार्यप्रणाली म्हणजे ड्युअल बूट, आणि ड्युअल बूट म्हणजे आधी डिस्कची आखणी. जागा कोणाला किती, कुठून कुठपर्यंत, आणि दोघांत मिळून काय, हे कागदावर ठरवल्याशिवाय ‘पाडायला’ बसू नये.

लॅटिनमधल्या ‘पार्स’ म्हणजे भाग, त्यावरून ‘पार्टिशियो’, त्यावरून इंग्रजी पार्टिशन. या एका शब्दावर इंग्रजीने फार कामं लादली. चाळीतल्या खोलीत प्लायवुड उभं करतात ते पार्टिशन, दिवाणी न्यायालयातला भावाभावांचा दावा तो पार्टिशन सूट, 1905 मध्ये बंगालचं झालं ते पार्टिशन, 1947 मध्ये देशाचं झालं तेही पार्टिशन, आणि डिस्कवरचंही तेच. मराठी इथे एका शब्दावर कधीच भागवत नाही. भिंत असेल तर पडदी, कोकणात कुडाची असेल तर कूड. दावा असेल तर वाटपाचा. बंगालचा तो वंगभंग; त्यात ‘भंग’ आहे, म्हणजे कोणीतरी मोडलं हा आरोप नावातच आला. देशाची ती फाळणी.

फाळणीची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. आज हा शब्द उच्चारला की निर्वासितांच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण मुळात हा हिशेबाचा आणि मोजणीचा शब्द. फाळणे म्हणजे हिश्श्याहिश्श्याने विभागणे, आकारणी वाटून देणे. कोल्हापूर-इचलकरंजीकडे महापालिकेच्या घरपट्टीला घरफाळा म्हणतात, तो फाळा या घराण्यातला. भूमी अभिलेख कार्यालयात आजही पोटहिश्श्यांचा ‘फाळणी नकाशा’ मागावा लागतो आणि खिडकीमागच्या कारकुनाला त्यात काही दुःखद वाटत नाही. सत्तेचाळीस सालाने मात्र सर्वसाधारण बोलण्यातून हा शब्द कायमचा नेला. म्हणून ‘डिस्कची फाळणी केली’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर आत काहीतरी रक्तबंबाळ झाल्यासारखं वाटेल.

राहिली वाटणी. संस्कृतातला ‘वण्ट्’ धातू, त्यातून हिंदीचं बाँटना आणि आपलं वाटणे. वाटा, वाटेकरी, वाटप ही त्याची लेकरं. (चटणी वाटणे आणि बरं वाटणे ही वेगळी कुळं, त्यांची इथे हजेरी नको.) वाटणी आणि फाळणी यांत माझ्या मते एक ठसठशीत भेद आहे. फाळणीनंतर दोन्ही बाजूंमध्ये सामाईक असं काही उरत नाही, निदान उरू नये असं मानतात. वाटणीनंतर उरतं. विहीर उरते, वहिवाटीचा रस्ता उरतो, देवघर उरतं. सातबाऱ्यावर ‘विहीर सामाईक’ अशी नोंद असते आणि खरी भांडणं पुढे तिच्यावरूनच होतात. ड्युअल बूटही असंच आहे. लोक दोन्ही बाजूंना किती जीबी द्यायचे यावर डोकं खाजवत बसतात. घोटाळा होतो तो सामाईक गोष्टींत.

धर्मशास्त्रकारांना हे पुरतं ठाऊक होतं. त्यांचा शब्द ‘विभाग’. वारशाने येतं ते दाय, आणि त्याची वाटणी तो दायविभाग. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रातल्या वाटण्या बव्हंशी तिच्या आधाराने झाल्या. विभाग या शब्दाचं नशीब मात्र विचित्र. आज तो शिक्षण विभाग, पाटबंधारे विभाग अशा पाट्यांवर अडकला आहे, आणि वाटणीचं काम अधिकृत मराठीत ‘विभाजन’ करतं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांची वाटणी करू नये अशा गोष्टींची एक यादी येते: अंगावरची वस्त्रं, वाहन, अलंकार, शिजलेलं अन्न, पाणी. त्या यादीत स्त्रियाही आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण अविभाज्य वस्तूंचं काय करायचं, यावर टीकाकारांनी बराच काथ्याकूट केला आणि एक व्यवहारी उत्तर काढलं: विहीर तोडता येत नाही, तर पाणी पाळीने काढा.

पाळी हा शब्द इथे चपखल बसतो. ड्युअल बूटमध्ये डिस्क वाटली जाते. प्रोसेसर, मेमरी, पडदा, कळफलक यांची वाटणी होत नाही. ते पाळीने मिळतात. आज विंडोजची पाळी तर सगळा प्रोसेसर विंडोजचा, लिनक्स त्या वेळी डिस्कवर निपचित. म्हणून ‘ड्युअल’ हे विशेषण मला नेहमीच जरा फसवं वाटत आलं आहे. इंग्रजी व्याकरणात संस्कृतच्या द्विवचनालाही ड्युअलच म्हणतात, आणि द्विवचनात दोघं एकाच वेळी हजर असतात. इथे हजेरी एकाचीच. मराठीने द्विवचन कधीच टाकून दिलं. पाळी मात्र जपली, ती कालव्याच्या पाणीपाळीत आणि देवळातल्या पुजाऱ्यांच्या पाळ्यांत.

आता ‘बूट’. पायातल्या बुटाशी त्याचा संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. उंच बूट ओढून चढवण्यासाठी मागे जो पट्टा असतो तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलायचं, हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्यपणाचा नमुना म्हणून सांगितला जाई. त्याला स्वावलंबनाचा गौरवशाली अर्थ नंतर चिकटला. बॅरन मुन्चाउसेन हा थापाड्या बुटाच्या पट्ट्याने दलदलीतून वर आला असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं, पण मूळ कथेत तो स्वतःला केसांनी धरून ओढतो. आपल्या तर्कग्रंथांत याच विचाराचा एक न्याय आहे: कितीही तयारीचा नट स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. नैयायिकांना त्यातून क्रिया स्वतःवरच घडत नाही हे सिद्ध करायचं होतं. संगणक रोज सकाळी नेमकं तेच करून दाखवतो. वीज येते तेव्हा मेमरी कोरी असते. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो, आणि तोही मेमरीतच असावा लागतो. 1950 च्या दशकातल्या अभियंत्यांनी या पेचावरच्या तोडग्याला बूटस्ट्रॅप म्हटलं: एक अगदी छोटा प्रोग्राम आधी येतो, तो आपल्याहून मोठ्याला आणतो, तो आणखी मोठ्याला. पुढे स्ट्रॅप तुटून नुसता बूट उरला.

जुन्या पीसीत हा छोटा प्रोग्राम किती छोटा होता? डिस्कचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे सेक्टर, 512 बाइटचा. त्यातले 446 बाइट बूटच्या प्रोग्रामला, 64 बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे 2 सहीला. तक्त्यात चार ओळी, प्रत्येकी 16 बाइटच्या. म्हणून चारच मुख्य पार्टिशन. ही मांडणी आयबीएमच्या 1983 च्या पीसी-एक्सटीबरोबर आली, ज्याची हार्ड डिस्क 10 एमबीची होती. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींनी अडवली होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळालं. फ्लॉपी जाऊनही सी ला बढती मिळाली नाही. गंमत अशी की पार्टिशनची सोय तेव्हा गाणी डी मध्ये आणि फोटो ई मध्ये ठेवण्यासाठी नव्हतीच. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात यासाठी होती. म्हणजे आज आपण ड्युअल बूट म्हणून जे काही आडवळणी करतो असं वाटतं, तो पार्टिशनचा मूळ हेतू. सी-डी-ई हे नंतरचं वळण. तेही लागलं याचं कारण डॉसला एका पार्टिशनमध्ये 32 एमबीपलीकडे मोजता येत नव्हतं, आणि डिस्क त्याहून मोठ्या होत चालल्या होत्या.

तक्ता हा शब्द मी मुद्दाम वापरला. इंग्रजीत पार्टिशन टेबल. टेबल लॅटिन ‘टाब्युला’वरून, म्हणजे फळी. तक्ता फारसी ‘तख्ता’वरून, म्हणजे फळीच. दोन्हीकडे आधी लाकूड, मग लाकडावर लिहिलेलं, मग लाकूड गेलं आणि चौकटी राहिल्या. आणि पार्टिशनचं मर्म या तक्त्यात आहे. प्लायवुडच्या पार्टिशनमुळे आपल्याला वाटतं की डिस्कवर कुठेतरी भिंत उभी राहते. तसं काही होत नाही. तक्त्यात फक्त नोंद होते: अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत अमक्याचं. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा फेरफार आहे, बांध नव्हे. जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहितात. इथे दोनच सीमा पुरतात, आरंभ आणि अंत. म्हणूनच पार्टिशन चुकून उडालं तरी आतला मजकूर बहुधा जागेवर असतो, नोंद तेवढी गेलेली असते. वर नवं काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्कसारखी अवजारं खाणाखुणा शोधून नोंद परत बांधून देतात. नव्या जीपीटी पद्धतीत तर तक्त्याची नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवतात आणि ओळी साधारण 128 असतात. चारवरून एकशे अठ्ठावीस. खातेफोड करायला बसलेल्या तलाठ्यालाही पुरून उरतील.

‘डिस्क’ शब्दाचा प्रवासही असाच घरगुती. ग्रीकांची फेकायची थाळी ती डिस्कस. तीच लॅटिनमार्गे इंग्रजीत जाऊन जेवणाची डिश झाली, लिहायचं डेस्क झाली आणि विज्ञानात गोल चकती म्हणून डिस्क राहिली. मराठीत अरबी ‘तबक’ आलं ते पानसुपारीचं ताट म्हणून, आणि त्याची तबकडी होऊन ती ग्रामोफोनवर फिरू लागली, आकाशातून उडूही लागली. इंग्रजी चकतीकडून ताटाकडे गेली, मराठी ताटाकडून चकतीकडे. आज एसएसडीत चकतीही नाही आणि तिला फिरवणारी ‘ड्राइव्ह’ही नाही, दोन्ही नावं मात्र चालूच आहेत.

फिरत्या डिस्कच्या काळात आखणीला एक बारकावा होता, आणि त्यासाठी मराठीत तयार शब्द होता. दिवाणी हुकूमनाम्यात ‘सरस-निरस मानाने वाटप’ असं लिहितात, म्हणजे क्षेत्र सारखं देऊन भागत नाही, जमिनीचा कसही पाहायचा. चकतीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो, आतल्या कडेला कमी. वाचनाचा वेग आत जाता जाता जवळजवळ निम्म्यावर येतो. सेक्टरांची मोजदाद बाहेरून सुरू होते, म्हणून पहिलं पार्टिशन सरस आणि शेवटचं निरस. कार्यप्रणाली आधी आणि चित्रपट शेवटी, हा शिरस्ता त्यातून पडला. एसएसडीत सगळी जमीन सारखीच कसदार. उलट तिथे आतला नियंत्रक झीज सारखी व्हावी म्हणून मजकूर सगळीकडे पसरवत असतो. तक्त्यावर विंडोज आणि लिनक्स विभक्त असले तरी चिप्समध्ये त्यांचं एकत्र कुटुंबच असतं.

आणखी एक शब्द फिरत्या डिस्कबरोबर गेला: डिफ्रॅग. एका फाइलचे तुकडे चहूकडे विखुरले की वाचणारा काटा धावत राहायचा. मग तुकडे जुळवावे लागत. मुंबई प्रांताने 1947 मध्ये जमिनीच्या तुकड्यांसाठी जो कायदा केला त्याच्या इंग्रजी नावात फ्रॅगमेंटेशनच आहे आणि बोलीभाषेतलं नाव तुकडेबंदी-तुकडेजोड. डिफ्रॅगला ‘तुकडेजोड’ याहून चांगला प्रतिशब्द मला सुचलेला नाही. तो रूढ व्हायच्या आत त्याची गरज संपली.

आता प्रत्यक्ष वाटप. समजा 512 जीबीची एसएसडी आहे. विंडोज ती 476 दाखवेल; कोणी काही चोरलेलं नसतं. विकणारा जीबी हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या. या 476 मधले 180 विंडोजला द्यावेत. विंडोज 11 साठी 64 जीबीची डिस्क पुरते असं म्हणतात खरं, पण त्यावर विसंबू नये. लिनक्सच्या ‘रूट’ला 50 पुष्कळ. रूट म्हणजे मूळ, आणि हे मूळ वर असतं; सगळ्या फोल्डरांच्या फांद्या त्याच्यातून खाली उतरतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, आणि ज्ञानेश्वरांनी ओवी ओवीने उलगडलेला, उलटा अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना लिनक्सच्या फोल्डरांची रचना समजावून सांगावी लागत नाही. ‘होम’ला 80, आणि ते वेगळंच ठेवावं. उद्या लिनक्सची जात बदलायची ठरली तर रूट पुसून नवं घालता येतं आणि घर तसंच राहतं. ‘स्वॅप’ म्हणजे अदलाबदल. मेमरी कमी पडली की तिथे मजकूर तात्पुरता उतरवतात. लिनक्सला झोपवून वीज पूर्ण बंद करायची असेल तर स्वॅप निदान मेमरीइतका असावा, म्हणजे 16 जीबी मेमरीला 16. उरेल ते, दीडशेच्या आसपास, सामाईक. ते एनटीएफएसमध्ये बांधावं; विंडोजचा तो जन्मजात साचा आणि लिनक्सलाही तो आता नीट वाचता-लिहिता येतो. उलटं, लिनक्सचा ईएक्सटी4 विंडोज आपणहून उघडत नाही.

विंडोजचं क्षेत्र आकसवायचं ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. इथे बरेचदा अडतं: शंभर जीबी मोकळे दिसतात आणि देतो तीसच. कारण पेजफाइल आणि झोपेची फाइल अशा न हलणाऱ्या गोष्टी मधोमध बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद करून मग आकसवावं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर लिहून घ्यावी, आणि सगळ्याच्या आधी मजकुराची प्रत दुसरीकडे.

सामाईक गोष्टींपैकी पहिली म्हणजे ईएफआय पार्टिशन. नव्या यंत्रात बूटचा छोटा प्रोग्राम त्या 446 बाइटच्या कोंडीत नसतो. फॅट32 साच्याच्या एका लहान पार्टिशनमध्ये साध्या फाइलसारखा ठेवलेला असतो. विंडोज ते साधारण 100 एमबीचं करून ठेवतं. लिनक्स घालताना तेच निवडायचं, त्यात लिनक्सची फाइल विंडोजच्या फाइलशेजारी बसते. तिथे फॉरमॅट ‘मारायचा’ नाही. दुकानदारी क्रियापदातली हिंसा या एका ठिकाणी खरी ठरते, विंडोजचा दरवाजाच जातो.

दुसरी गोष्ट विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची. ते चालू असेल तर बंद केलेलं विंडोज खरं बंद झालेलं नसतं, गाभा झोपवून ठेवलेला असतो आणि एनटीएफएसची नोंद अर्धवट राहते. मग लिनक्स त्या पार्टिशनला हात लावत नाही, फार तर वाचायला देतं. पाळी संपली पण विहिरीवरची मोटार काढून नेली नाही, असा प्रकार. ते कंट्रोल पॅनेलमधून बंद करावं.

तिसरं सामाईक म्हणजे घड्याळ, आणि त्याचा विचार आखणीच्या वेळी कोणीच करत नाही. यंत्राच्या बोर्डावर बॅटरीवर चालणारं एकच घड्याळ असतं. विंडोज त्यावर स्थानिक वेळ आहे असं समजतं, लिनक्स जागतिक वेळ आहे असं समजतं. लिनक्सने घड्याळ आपल्या समजुतीने लावलं की पुढच्या पाळीला विंडोजमध्ये वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. भारतात यावर सोपा उपाय म्हणजे एका आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला सांगणं. आपल्याकडे घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे ते खपून जातं. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने मात्र हे करू नये. तिथे उन्हाळी वेळ सुरू झाली की दोन्ही प्रणाली आपापल्या पाळीला त्याच घड्याळाचा काटा एकेक तास सरकवू शकतात. त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून विंडोजलाच जागतिक वेळ पाळायला लावावं.